दुपारी वाजवणारा

१

बंदराच्या रस्त्यावर दिवस काढलेल्या माणसाला घरी आल्यावर आधी धूळ उतरवावी लागते. सत्यजीत न्हावा शेव्याच्या एका मालवाहतूक कंपनीत होता. संध्याकाळी ट्रेलरच्या रांगांमधून वाट काढत तो बाइकवरून विचुंब्याला यायचा आणि घरात शिरला की सरळ बाथरूममध्ये जायचा. मग चहा. मग आतली छोटी खोली. दार लोटायचं, गिटार मांडीवर घ्यायची, हेडफोन कानांवर चढवायचा. जेवणाची हाक येईपर्यंत तो कुणाला सापडायचा नाही.

खरा अ‍ॅम्प्लिफायर वाजवायची तिथे सोयच नव्हती. नव्या इमारतींच्या भिंती पापडासारख्या. शेजारी शिंकला तर इकडे ऐकू येई. म्हणून त्याने मॉडेलर घेतला होता. पाटाएवढा काळा डबा. गिटारची वायर त्यात खोचली की तो हव्या त्या अ‍ॅम्प्लिफायरची हुबेहूब नक्कल करायचा. सत्यजीतच्या कानात भरलेलं मैदान दणाणायचं आणि बाहेर हॉलमध्ये बसलेल्या रेवाला मात्र ऐकू यायची ती नुसती कोरड्या तारांची किटकिट.

रेवा एका बालवाडीत शिकवायची. दुपारी एकच्या सुमारास ती घरी आलेली असायची आणि पुढचा सगळा वेळ तिच्याजवळ बोलायला कुणी नसायचं. सुरुवातीला ती छोट्या खोलीच्या दारात येऊन काहीबाही सांगायची. सत्यजीत एक कान मोकळा करून "हं" म्हणायचा आणि ती वळली की कान पुन्हा झाकायचा. मूल होईना, तेव्हा डॉक्टरांकडे जाणं झालं, मग तेही थांबलं, आणि त्याबद्दल दोघांमध्ये एकदाही धड बोलणं झालं नाही. तसा तो वाईट माणूस नव्हता. कुणाचं बोलणं त्याच्या आत पोचायचं नाही, एवढंच.

वाजवण्यातही एक खोट होती. काही वर्षांपूर्वी त्याच्या डाव्या हाताची अनामिका कंटेनरच्या दारात चेंगरली होती. बोट वाचलं, पण तेव्हापासून ते किंचित उशिरा पडायचं. ऐकणाऱ्याला कळायचं नाही. त्याला दर वेळी कळायचं.

२

कुंदन आला तो रविवारी दुपारी, एका हातात लॅपटॉपची बॅग आणि दुसऱ्या हातात डबा घेऊन. डब्यात त्याच्या आईने, गुणाबाईने, तळून दिलेले बोंबील होते. कुंदन उरणकडच्या कोळ्यांचा. पनवेलच्या कॉलेजात असताना दोघांनी मिळून बँड काढला होता. बँड मोडला, कुंदनने उरण नाक्याला छोटा स्टुडिओ थाटला, आणि आता एका मालिकेच्या पार्श्वसंगीताचं काम त्याला मिळालं होतं. गिटार सत्यजीतनेच वाजवावी, असा त्याचा हट्ट होता. पण सत्यजीत घरून रेकॉर्ड करून पाठवायचा ते काही केल्या पसंतीला उतरत नव्हतं.

"तुझा हेडफोन खोटं बोलतो," कुंदन लॅपटॉप उघडत म्हणाला. "सगळेच बोलतात. कोन खालचा आवाज फुगवून सांगतो, कोन वरचा लपवतो. ह्या प्रोग्रामला प्रत्येकाचं खोटं ठाऊक हाय. तेवढंच उलटं करून त्यात घालायचं. मंग उरतं ते खरं."

"आणि स्पीकर?"

"स्पीकरच्या संगती खोली पन खोटं बोलते. ती मोजायला लागते."

त्याने खुर्चीसमोर स्टँड उभा केला आणि सत्यजीतचं डोकं जिथे यायचं बरोबर तिथे बोटाएवढा माइक आणून ठेवला. मग सगळ्यांना बाहेर काढून दार ओढून घेतलं. आतून आवाज सुरू झाला. जमिनीखालून घुमत यावा तसा तो आला, चढत चढत शीळ झाला आणि कानाच्या पलीकडे निघून गेला. पुन्हा तसाच आला. तिघं हॉलमध्ये बोंबील खात बसले होते. कुंदन कुठल्याशा हळदीतला किस्सा सांगत होता आणि रेवा मनापासून हसत होती. तिला असं हसताना बघून सत्यजीतला वाटलं, ही इतकी हसते का?

आवाज थांबल्यावर कुंदनने लॅपटॉपवरची वेडीवाकडी रेघ पाहिली आणि त्याचा घास तसाच राहिला.

"आत कोन व्हता का रे?"

"कोण असणार? आपण तिघं इथेच बसलोय."

"नाय, रिकाम्या खोलीची रेघ अशी येत नाय. खुर्चीत मानूस बसला की आवाज पितो, तशी आलीय." त्याने थोडा वेळ डोकं खाजवलं. "तुझ्या खुर्चीची गादी जाड हाय. तीच पीत असंल."

आणि मोजून आलेलं करेक्शन सत्यजीतच्या मॉडेलरमध्ये घालून त्याने बटण दाबलं.

३

त्या संध्याकाळी सत्यजीतला पहिल्यांदा आपली गिटार ऐकू आली. चष्म्याची काच पुसल्यावर दिसतं तसं झालं. प्रत्येक सूर वेगळा, स्वच्छ, आपापल्या जागी. तो तासभर तंद्रीत वाजवत राहिला आणि मग त्याच्या लक्षात आलं की अनामिका चुकत नाहीये.

त्याने मुद्दाम तीच अवघड जागा घेतली. सूर वेळेवर पडला. हेडफोनची एक बाजू उचलून त्याने तारेचा उघडा आवाज ऐकला. बोट उशिरा पडत होतं. नेहमीसारखंच. कान झाकला, सूर वेळेवर.

त्याने करेक्शन बंद केलं. आत-बाहेर दोन्हीकडे तोच रखडलेला सूर. चालू केलं; सूर वेळेवर.

सत्यजीत हिशेबी डोक्याचा माणूस होता. त्याने स्वतःला बजावलं की हेडफोनच्या दोषामुळे आपल्याला इतके दिवस तो सूर उशिरा वाटत असेल. पण उघडी तार काय सांगत होती? बरं, मग यंत्राला वेळ लागत असेल. तेही पटेना. यंत्र मागे पडू शकतं. वाजवणाऱ्याच्या पुढे जाणारं यंत्र अजून कुणी बनवलेलं नाही.

शेवटी त्याने एक साधी गोष्ट केली. एक ओळ वाजवायला घेतली आणि अर्ध्यात तारांवर पंजा ठेवून थांबला.

हेडफोनमध्ये ओळ पुरी झाली.

तो तसाच बसून राहिला. पंजाखाली तारा गप्प होत्या. आवाज विरत गेला, आणि विरल्यावर उरलेल्या शांततेत कुणीतरी खुर्चीत थोडंसं सरकल्यासारखा गादीचा आवाज झाला. तो स्वतः हलला नव्हता.

'आपणच हललो असू,' असं म्हणून त्याने हेडफोन काढून ठेवला. रेवाने जेवायला हाक मारली तेव्हा तो पहिल्या हाकेला उठून गेला. तिने नवलाने त्याच्याकडे पाहिलं.

४

पुढच्या आठवड्यात घर बदललं. निदान रेवा तरी बदलली. भाजी चिरताना गुणगुणू लागली. कपाटाच्या तळाशी पडलेली हिरवी साडी बाहेर आली. सत्यजीत चहा घेत असताना ती त्याच्यासमोर बसायची, पण तिची नजर त्याच्यावर नसायची. कुणाची तरी आठवण येत असल्यासारखी ती मधूनच हसायची.

"आज दुपारी काय सुंदर वाजवलंस रे," ती एकदा म्हणाली.

"कुठल्या दुपारी?"

तिचा हात कपावर थांबला. तिने त्याच्याकडे नीट पाहिलं, बाजारात भलत्याच माणसाला ओळखीचा समजून हाक मारल्यावर बघतात तसं.

"नाही... काही नाही. रविवारचं म्हणत होते."

रविवार उलटून चार दिवस झाले होते.

सत्यजीतच्या डोक्यात पहिलं नाव आलं ते कुंदनचं. यायला हवं तेच आलं. बोंबलाचा डबा, हळदीतला किस्सा, तिचं हसू. दुपारी रेवा घरी एकटी असते हे कुंदनला ठाऊक होतं, आणि गिटार कशी धरायची तेही. मित्राबद्दल असं मनात आणायची त्याला लाज वाटली. पण त्याच वेळी मोकळंही वाटलं, कारण फसवणूक ही समजण्यासारखी गोष्ट होती. हेडफोनमध्ये जे ऐकलं ते तसं नव्हतं.

सकाळी कामावर जाताना तो गेटपाशी थांबला.

"आनंदा, दुपारी आमच्याकडे कोणी येतं का?"

वॉचमन आनंदा रजिस्टर बाजूला सारून हसला. "नाय साहेब. कोन येनार?"

"माझा तो मित्र? कुंदन?"

"ते रविवारी आल्ते तेवढेच. आनि एकदा मधी, तुमी व्हतात तवा." मग कौतुकाने म्हणाला, "आता बरं हाय साहेब, तुमी जेवायला घरी येता ते. बाई पन खूश असतात."

सत्यजीतने बाइक चालू केली. बंदरापर्यंतचा रस्ता कधी संपला ते त्याला आठवलं नाही.

५

दुसऱ्या दिवशी ऑफिसला दांडी मारून तो उरण नाक्याला गेला. स्टुडिओ एका मासळीच्या बर्फाच्या गोदामावर होता. जिना कायम ओला. कुंदन एकटाच बसला होता. सत्यजीतला पाहून तो आनंदाने उठला, आणि मग चेहरा निरखून पुन्हा बसला.

"तू हायस व्हय," तो म्हणाला.

"म्हणजे कोण वाटलं?"

कुंदन लॅपटॉपकडे वळला; पडद्यावर सत्यजीतच्या नावाचे नवे ट्रॅक ओळीने लागले होते. सत्यजीतने ते ऐकायला मागितले.

"मस्त आलेत. काम पास झालं. तूच तं पाठवलेस."

"मी रविवारनंतर एकही पाठवलेला नाही. लाव."

कुंदनने नाइलाजाने लावले. गिटार वाजू लागली. सत्यजीतचा हात, सत्यजीतची सूर ओढायची पद्धत, एखाद्या जागी थोडं थांबायची सत्यजीतची खोड. फक्त कुठेही रखडलेलं बोट नव्हतं. घाबरल्यामुळे होणारी घाई नव्हती. त्याला तारुण्यात जसं वाजवायचं होतं आणि कधी जमलं नाही, तसं कुणीतरी सहज वाजवत होतं.

"आवाज वाढव."

"सत्या, राहू दे ना."

"वाढव म्हणतो."

गिटारच्या मागे एक खोली होती. तिथे पंखा फिरत होता, त्याचाच, फेरीगणिक एकदा खुट् करणारा. मॉडेलरमधून वायरने थेट येणाऱ्या आवाजात खोली येऊ शकत नाही. मध्ये माइकच नसतो. तरी ती होती. कपात चमचा फिरला. रेवा काहीतरी सांगत होती, पुष्कळ वेळ, न थांबता. शब्द कळत नव्हते, पण मधूनच तिचा आवाज भरून येत होता. डॉक्टरांचं नाव तेवढं कळलं. गिटार थांबली. मग एक पुरुष हळू आवाजात म्हणाला, "मला तेव्हाच विचारायला हवं होतं तुला."

सत्यजीतने तो आवाज ओळखला. स्वतःचा आवाज माणसाला बाहेरून परका वाटतो म्हणतात. त्याला तो परका वाटला नाही. आपल्यापेक्षा चांगला वाटला.

कुंदनने आवाज खाली ओढला.

"तुला माहीत होतं," सत्यजीत म्हणाला.

"पयल्यांदा मी पन घाबरलो रे. ट्रॅक कुठून येतात ते बघायला दुपारचा तुझ्या घरी गेलो. दार तूच उघडलंस."

"मी नव्हतो!"

"आता कळतंय ना मला." कुंदन टेबलावरच्या वायरीशी चाळा करत होता. "त्याने मला बसवलं. बाबांचं विचारलं. आमचे बाबा गेले तवा तू आला नाय, सत्या. तुझा माल अडकला व्हता. नंतर पन एक शब्द काढला नाय कधी. त्याने सगळं विचारलं. होडी कुठं लागली व्हती, शेवटी काय बोलले. काशिराम कोळी कसा मानूस व्हता ते मी त्याला दोन तास सांगत बसलो, आनि तो रडला माझ्यासंगती."

"आणि तू मला सांगितलं नाहीस."

"काय सांगू? ते करेक्शन काढून टाक, असं?" त्याने मान वर केली. डोळे भरले होते, पण त्यांत माफी नव्हती. "मला माझा दोस्त परत भेटला व्हता."

६

तिथून तो थेट घरी निघाला. ऊन रणरणत होतं. विचुंब्याच्या कमानीपासून इमारतीपर्यंत रस्त्यावर एक कुत्रंही नव्हतं. गेटवर आनंदा भिंतीच्या सावलीत पेंगत होता. लिफ्टमधल्या आरशाकडे सत्यजीतने पाठ केली.

दाराबाहेर तो थांबला. आत गिटार वाजत होती, हेडफोनमध्ये नव्हे, मोकळी, स्पीकरवर. इतक्या पातळ भिंती, पण एकाही शेजाऱ्याने कधी तक्रार केली नव्हती. आवाज कुठेच टोचत नव्हता. घराच्या मापाने बेतल्यासारखा होता.

'टेप लावली असेल,' तो स्वतःशी म्हणाला. 'रेवा एकटी असते, माझंच जुनं काहीतरी लावून बसत असेल.' हे त्याला इतकं पटलं की किल्ली फिरवताना त्याला बायकोची दया आली.

हॉलमध्ये टेबलावर दोन ताटं होती. दोन्ही जेवून झालेली. एका ताटात मिरच्या वेचून कडेला ठेवल्या होत्या, तो ठेवायचा तशाच. रेवा हातात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. हिरवी साडी, केसांत चार अबोलीची फुलं. त्याला पाहून तिच्या चेहऱ्यावरचं सगळं उतरलं.

"तू आत्ता कसा?"

"माझं घर आहे. आत कोण आहे?"

"हळू बोल."

"रेवा, आत कोण आहे?"

तिने तांब्या टेबलावर ठेवला, आवाज न होऊ देता. "मला माहीत नाही," ती म्हणाली. "आधी वाटलं, तूच लवकर येतोस. तेव्हा किती बरं वाटलं होतं मला. मग एकदा तू बाथरूममधून बाहेर आलास, धूळ धुऊन, आणि माझ्याकडे न बघता आत गेलास. तेव्हा कळलं, की तो तू नव्हेस."

"आणि तरी..."

"तो माझं ऐकतो, सत्यजीत."

"अगं, पण तो कोण आहे ते तरी..."

"नाही विचारलं मी. विचारणारही नाही." भीती तिलाही होती. पण ती भीती आतल्याची नव्हती. बाहेर उभ्या असलेल्या माणसामुळे आता हे सगळं संपेल, याची होती.

सत्यजीत तिला ओलांडून छोट्या खोलीकडे गेला. त्याने दार वीतभर उघडलं.

पडदे ओढलेले होते. पंखा खुट् करत फिरत होता. खुर्चीची पाठ दाराकडे होती आणि खुर्चीत कुणीतरी वाकून बसलं होतं. मानेवरचे केस कापलेले, उजव्या कानामागे तीळ. तो तीळ सत्यजीतने स्वतः कधी पाहिला नव्हता. रेवाने लग्नानंतर सांगितला होता. अंगात त्याचाच निळ्या रेघांचा शर्ट होता, आणि तोच शर्ट या क्षणी त्याच्याही अंगात होता. मान मात्र जरा वेगळी होती. ताठ. जिला कशाची घाई नाही अशी.

वाजवणारा हात थांबला. डोकं हळूहळू वळू लागलं. गालाची कड दिसली, मग डोळ्याचा कोपरा. त्या कोपऱ्यात दचकणं नव्हतं. आपलंच माणूस आलं असेल असं समजून बघतात, तसं ते बघणं होतं.

मागून रेवाचा हात त्याच्या खांद्यावर आला, आणि त्या क्षणी त्याला सगळं विसरून रडावंसं वाटलं. शेवटी तिने आपल्याला धरलं होतं. ओढेल ती आपल्याला मागे, दार लावेल, आपण दोघं जिना उतरून पळत सुटू.

तिने त्याला धरलं नव्हतं, बाजूला केलं होतं. दारातून माणसाला बाजूला करतात तेवढ्याच जोराने, रागाशिवाय. त्याच्या हाताखालून वाकून ती आत गेली. साडीचा पदर फटीत अडकला, तो तिने ओढून घेतला. दार लागलं आणि आतून कडी बसली.

तो दारावर थापा मारू लागला. तळहात झोंबेपर्यंत मारल्या. "रेवा! रेवा, ऐक, मी आहे. मी ऐकेन. सगळं ऐकेन, तू ये बाहेर." त्याला आपला आवाज फाटका, खरखरीत, कुठल्या तरी दूरच्या मजल्यावरून यावा तसा ऐकू येत होता.

आत पंखा खुट् करत फिरत राहिला. मग तो म्हणाला, शांतपणे, प्रेमाने, सत्यजीतच्याच आवाजात, "दार वाजतंय गं."

"वाजू दे," रेवा म्हणाली. "तू वाजव."

आणि आत गिटार सुरू झाली.